घर देताना धर्म आडवा येऊ नये, म्हणून सोसायटीने काय करायचं

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. 32 फ्लॅट, दोन विंग, लिफ्ट मागाहून बसवलेली. त्याआधी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कर्ज नाकारायचं तर फायलीवर कारण लिहावं लागतं, त्याखाली सही करावी लागते. सोसायटीच्या कामात पडले तेव्हा दिसलं, की इथे अख्ख्या कुटुंबाला घर नाकारतात आणि कुणीही एक ओळ लिहीत नाही. फोनवर, जिन्यात, गच्चीवर दोन वाक्यं बोलली जातात आणि ते कुटुंब दुसरीकडे घर शोधायला लागतं.

म्हणून मी इथे एकच गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी सांगणार आहे : नकार तोंडी राहू देऊ नका. धर्म बघून दिलेला नकार कागदावर उतरवायला कुणी धजत नाही. कागद मागितला की निम्मे नकार तिथेच गळून पडतात, हा माझा अनुभव आहे.

नकार ओळखायचा कसा

"मुसलमानांना देत नाही" असं तोंडावर म्हणणारे आहेत, पण बहुतेक जण आडून बोलतात. एजंटचा फोन येतो : "मॅडम, फॅमिली चांगली आहे, दोघं नोकरीला, पण... आपल्यातले नाहीत. चालेल का?" मालक म्हणतात, "माझी काहीच हरकत नाही हो, सोसायटी ऐकत नाही." सोसायटीत विचारलं तर कळतं, की सोसायटीला कुणी काही विचारलेलंच नाही. मालक सोसायटीवर ढकलतो, सोसायटी मालकावर आणि एजंट दोघांवर. घर शोधणारा मात्र ठरवून तिघांनीही परत पाठवलेला असतो.

"पूर्ण नाव सांगा ना" हा प्रश्नही असाच. आपल्याकडे तो फक्त मुसलमान-ख्रिश्चनांना विचारला जात नाही. गावावरून पडलेलं आडनाव असलं, की पुढे "मूळ गाव कोणतं?" येतं, मग "घरात देव कोणते?" आणि बौद्ध कुटुंब असल्याचं कळलं की फ्लॅट अचानक "आधीच बुक झालेला" असतो. इथे जात आणि धर्म दोन्ही एकदमच मोजले जातात.

तिसरा प्रकार जेवणाचा. "सगळं चालतं का तुमच्याकडे?" किंवा जाहिरातीतच "फक्त शाकाहारी". याचा फटका मासे खाणाऱ्या मराठी माणसालाही मुंबईत बसतोच. 2023 साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, आणि ते योग्यच होतं. तो राग आठवून बघावा आणि मग आपल्या इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटसाठी कुणाकुणाला परत पाठवलं ते आठवावं.

ठाण्यात राहणाऱ्याला याचा परिणाम रोज रेल्वेच्या खिडकीतून दिसतो. 1992-93 च्या दंगलीत मुंबईत सुमारे 900 माणसं मेली, आणि त्यानंतर जिवाच्या भीतीने हजारो मुसलमान कुटुंबं ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेली. भीती ओसरल्यावर ज्यांना परत मिश्र वस्तीत यायचं होतं, त्यांना घर कुणी दिलं? आपल्या मर्जीच्या वस्तीत घर मिळत नाही ही तक्रार मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही नोंदलेली आहे. आणि मग आपणच म्हणतो, "ते लोक एकाच ठिकाणी गर्दी करून राहतात."

कायदा कुठवर येतो

कमिटीतले लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटतं, आमची इमारत, आम्ही ठरवू. काहींना वाटतं, धर्मावरून घर नाकारलं की थेट तुरुंग. दोन्ही खरं नाही.

संविधानाचं कलम 15 धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते मुख्यतः सरकारला बांधून ठेवतं. त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी घर त्यात नाही. म्हणजे एखाद्या मालकाने धर्मावरून स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायला नकार दिला, तर त्याला खेचता येईल असं थेट कलम नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

सोसायटीचं मात्र वेगळं. सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते आणि त्याचं कलम 23 खुल्या सभासदत्वाचं आहे : पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम 22 सांगतं, की नकार द्यायचा तर कारणासह कळवायचा, निर्णयापासून 15 दिवसांत किंवा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. "अर्ज पाडून ठेवा, कंटाळून जातील" असा सल्ला देणाऱ्या प्रत्येक कमिटी मेंबरला हे वाक्य वाचून दाखवायचं.

यावर एक जण हमखास म्हणतो, "पण सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलीय." ते 2005 च्या अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या निकालाबद्दल बोलत असतात. त्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीतच, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांतच, सभासद पारशी असावा अशी अट होती, आणि न्यायालयाने ती अट वैध धरली. तो निकाल मला पटत नाही, पण तो बाजूला ठेवूनही उत्तर सोपं आहे : आपल्या उपविधींचं पुस्तक काढा आणि धर्माची अट कुठल्या पानावर आहे ते दाखवा. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधी जशाच्या तशा स्वीकारलेल्या सोसायटीत असं पान नसतं. तिथे कुणी काय शिजवावं याचंही कलम नसतं.

तर पहिलं काम हेच. उपविधींची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात, हाताशी ठेवा. अर्ध्या सोसायट्यांत ती माजी सेक्रेटरीच्या माळ्यावर असते.

भाड्याने देताना

भाडेकरूच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज "सोसायटीची एनओसी" हा आहे. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

कमिटीने एवढंच करायचं : या गोष्टींची एका पानाची यादी करून नोटीस बोर्डावर लावायची आणि भागातल्या एजंटांनाही द्यायची. त्या पानाच्या शेवटी आम्ही एक ओळ घातली : "भाडेकरूचा धर्म, जात, भाषा किंवा आहार यांबाबत सोसायटीची कोणतीही अट नाही." ओळ साधी आहे, पण त्या दिवसापासून "सोसायटी ऐकत नाही" हे कारण आमच्या इमारतीत कुणाला देता येत नाही. ज्याला नाही म्हणायचंय, त्याने स्वतःच्या नावावर म्हणावं.

एजंटचा तो "चालेल का?"चा फोन आला, की मी ठरलेलं उत्तर देते : "मला विचारायची गरजच नाही. यादीप्रमाणे कागद द्या. आणि तुम्ही विचारलंत हे मालकांना मी कळवते." आवाज चढवायचा नाही, व्याख्यान द्यायचं नाही. एजंट वाईट माणसं नसतात. आधीच्या दहा सोसायट्यांनी त्यांना हे विचारायला शिकवलेलं असतं.

पोलिस पडताळणीबद्दल एक सांगते. काही ठिकाणी बाकीच्यांचे कागद महिनोन् महिने येत नाहीत तरी चालतं आणि एका विशिष्ट नावाचा भाडेकरू आला की चावी देण्याआधी कागद हवे असतात. नियम कडक ठेवा, हरकत नाही, पण मग माझ्या भाच्यालाही तोच. आमच्याकडे एक रजिस्टर आहे : फ्लॅट नंबर, कराराची तारीख, पोलिसांना माहिती दिल्याची तारीख. कुठल्या घरासाठी नियम वाकवला ते एका नजरेत दिसतं.

आणि "मुलाखत" बंद करा. नव्या भाडेकरूला गच्चीवर बोलावून पाच जणांनी प्रश्न विचारायचे, ही पद्धत कुठल्याच उपविधीत नाही. ओळख करून घ्यायचीच असेल तर सामान लागल्यावर जा, पाण्याच्या वेळा आणि कचऱ्याच्या डब्यांचं सांगा, चहा दिला तर प्या.

फ्लॅट विकला जातो तेव्हा

खरी कसोटी इथे लागते, कारण भाडेकरू अकरा महिन्यांनी जाईल असं लोक स्वतःला समजावतात, सभासद मात्र कायमचा.

आमच्या बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला. घेणारं जोडपं मुसलमान. तो वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात, ती शाळेत शिकवते. नोंदणीकृत करार, अर्ज, हस्तांतरण शुल्क 500 रुपये, प्रवेश शुल्क 100 रुपये, आधीच्या मालकांची थकबाकी शून्य. अर्ज कमिटीच्या सभेत आला. एक सदस्य, माझ्या भावासारखे, कुणाच्याही आजारपणात आधी धावणारे, म्हणाले, "ताई, मी काही कट्टर नाही. माझ्याबरोबर कामाला मुसलमान होते, डबे एकत्र खाल्लेत. पण एकामागून चार येतील. मग आपले भाव पडतील."

मी म्हटलं, "दादा, हे मी इतिवृत्तात घेते. तुमचं नाव, त्याखाली हे कारण. सही करा." आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"लिहायचं कशाला? आपण आपसात बोलतोय."

"निर्णय आहे म्हणजे लिहावा लागणार. नाकारलं तर कारण त्यांना कळवावं लागणार. ते सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेले तर हेच पान तिथे उघडलं जाणार."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदारांनी अर्ज मोठ्याने वाचला, कागद एकेक करून तपासले आणि सभासदत्व मंजूर करण्याचा ठराव मांडला. दादा तटस्थ राहिले, तेही मी लिहिलं. भाव पडण्याची त्यांची काळजी खोटी नव्हती. सगळी पुंजी त्या फ्लॅटमध्ये असलेल्या निवृत्त माणसाची काळजी होती ती. पण तिचं ओझं शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही. भाव नावावरून पडतात ही भीती प्रत्येक इमारत दुसरीकडे बघून धरते. टाकीला गळती आणि पार्किंगची भांडणं असली तर भाव नक्की पडतात, आणि ते आपल्या हातात असतं.

या सभेसाठी तुम्हाला काय हवं, ते सांगते. अर्ज आला की त्याच दिवशी आवक नोंदवहीत घ्या आणि पोच द्या. कागदांची तपासणी यादी आधीच छापलेली असू द्या, सगळ्या अर्जांना तीच. अर्जदाराचं नाव चर्चेला घेऊ नका, कागद चर्चेला घ्या. कुणी "यांचं बघावं लागेल" म्हणालं, तर "यादीतल्या कुठल्या मुद्द्याबद्दल?" एवढंच विचारा. मुद्दा सापडला नाही, तर आक्षेप नावासकट इतिवृत्तात. आणि अर्ज पुढच्या सभेवर ढकलायचा असेल तर तोही कारण लिहूनच.

फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही, हेही सभासदांना सांगून ठेवा. अनेक सौदे या धाकानेच मोडतात. आणि पैशाने अडवण्याचा प्रकार. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त 25,000 रुपये. त्यावर "बिल्डिंग फंडाला मदत" म्हणून काही घरांकडून लाख-दोन लाख मागतात, ते नियमाबाहेर आहे, मग पावती दिलेली असो वा नसो.

घरात आल्यानंतर

चावी मिळाली म्हणजे भेदभाव संपला असं नाही. लेटरबॉक्सवरचं नाव कुणीतरी खरवडतं, मुलांना खाली खेळायला घेत नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या धर्माविरुद्धचे फॉरवर्ड येतात आणि त्या धर्माचं कुटुंब त्याच ग्रुपात बसून ते वाचत असतं. शेवटच्या गोष्टीवर उपाय सोपा : सोसायटीचा ग्रुप फक्त सूचनांचा ठेवा, लिहिण्याचा अधिकार कमिटीकडे. धर्माधर्मांत तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, हे ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवलं तरी बरंच शांत होतं.

वासाच्या तक्रारी येतात. आमच्या तळमजल्यावर मालवणी कुटुंब आहे. सुके बोंबील भाजले की चौथ्या मजल्यापर्यंत कळतं, आणि गेली कित्येक वर्षं कुणी तक्रार केली नाही. बी विंगच्या नव्या घराबद्दल मात्र दुसऱ्याच रविवारी चिठ्ठी आली. मी तक्रारवहीत दोन रकाने दाखवले : कचरा झाकलेला होता का, मोरीची जाळी तुंबली होती का. यात बसेल ती तक्रार, कुणाच्याही घराची असो. स्वयंपाकघरात काय रटरटतंय ही तक्रार नाही.

सणांचे नियम सण येण्याआधी, थंड डोक्याने करा. आमचे असे आहेत. गणपतीची वर्गणी देखभालीच्या बिलात घालायची नाही. वेगळी पावती, ऐच्छिक, आणि कुणी दिली नाही ते जाहीर करायचं नाही. आरतीचं बोलावणं सगळ्या घरांना सारखं; कुणी आलं नाही किंवा प्रसाद घेतला नाही तर त्याचा हिशेब ठेवायचा नाही. गच्ची आणि आवार मागेल त्याला एकाच दराने : सत्यनारायण असो, इफ्तार, नाताळ की बुद्धजयंती. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, सरकारने सूट दिलेले दिवस सोडून. तो देशभराचा नियम आहे आणि तो अजानीइतकाच दहीहंडीलाही लागू आहे.

बकरी ईद हा नाजूक भाग, म्हणून त्याबद्दल जरा जास्त. 2023 मध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत बकरे आणण्यावरून मोठा गोंधळ झाला, आणि त्याच ईदेच्या आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं, की पालिकेचा परवाना नसेल तर तिथे कुर्बानी होऊ देऊ नये. म्हणजे इथेही बोलायचं ते परवान्याबद्दल. सणाच्या महिनाभर आधी त्या कुटुंबाला भेटा आणि विचारा, अंदाज बांधू नका. आमच्याकडच्यांची कुर्बानी दरवर्षी गावीच होते; कमिटीत त्यावर तासभर वाद झाला होता आणि त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जिथे प्रश्न खरोखर असेल, तिथे पालिकेने नेमलेली जागा, वेळ आणि सफाई लिहून ठरवा, आणि ईदेच्या दिवशी गेटवर जमाव होऊ देऊ नका. त्यासाठी कमिटीतल्या दोघांनी सकाळपासून खाली उभं राहायला हवं. मी उभी राहते.

तुम्हालाच घर नाकारलं असेल तर

भाड्याचं घर असेल तर हातात फार काही नाही. तरी मालकाला एक संदेश पाठवा : "सोसायटीची हरकत असल्याचं आपण म्हणालात. कृपया सोसायटीचं पत्र द्यावं, मी त्यांना भेटतो." बऱ्याचदा पत्र येत नाही आणि कधीकधी घर मिळतं. करार झालेला असताना सोसायटीने सामानाचा टेम्पो गेटवर अडवला, तर मालकाने उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करायची आणि पोलिस ठाण्यातही अर्ज द्यायचा.

घर विकत घेतलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. अर्ज हातोहात देऊन तारखेसह शिक्का घ्या, किंवा नोंदणीकृत डाकेने पाठवून पोचपावती जपा. सोसायटी अर्ज किंवा पैसे घ्यायलाच तयार नसेल, तर तो शुल्कासह उपनिबंधकांकडे दाखल करता येतो. ते सोसायटीला पाठवतात, आणि सोसायटीने 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद मानले जाता. लेखी नकार आला, तर निर्णयापासून 60 दिवसांच्या आत कलम 23 खाली अपील करा. ते शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढायचं असतं. अपिलाला खरेदीचा करार, अर्जाची पोच, शुल्क भरल्याचा पुरावा आणि नकाराचं पत्र जोडा. फोनवर काय बोलले ते त्याच दिवशी तारीख-वेळ घालून वहीत लिहा. नंतर आठवून लिहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं यात वजनाचा फरक पडतो.

तोंडी अपमान झाला असेल तर तो मोघम लिहू नका. "धर्मावरून बोलले" असं न लिहिता, कोण, कुठे आणि नेमकं कोणतं वाक्य बोललं ते लिहा.

आणि शेवटी भागदाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हातात येईल, तेव्हा घाईने पिशवीत टाकू नका. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या रकान्यात तुमचं नाव बरोबर लिहिलंय का, तारीख आहे का, पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्का आहे का, ते ऑफिसातच उभं राहून बघा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.